टूल बेल्ट: नव्या पोरानं कधी बांधावा, कसला घ्यावा, त्यात काय ठेवावं?

अनगोळचा_मामा

नमस्कार मंडळी. माझा भाचा आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन कोर्स करून नुकताच बाहेर पडलाय. इथं बेळगावात, शहापुरातल्या एका जाणत्या वायरमनच्या हाताखाली लागलाय. घरांचं वायरिंग, मधूनच एखादी अपार्टमेंट, कधी वडगावात यंत्रमागाच्या शेडमध्ये मोटर जोडायची, असलं काम. पहिल्या पगारातनं त्याला टूल बेल्ट घ्यायचाय. मोबाइलवर बघून ठेवलाय, बारा खणांचा, काळा, ड्रिल अडकवायला वेगळी जागा असलेला. मेस्त्री म्हणतात, "वर्षभर पिशवी उचल, बेल्टाचं मग बघू." पोरगं हिरमुसलंय.

माझी नोकरी बँकेत झाली, हत्याराशी संबंध आला नाही. खरं मला वाटतं हत्यारं अंगावर असली तर काम लवकर उरकतं, मग थांबवायचं कशाला? इथं कामावरची माणसं बरीच आहेत म्हणून विचारतोय. बेल्ट कधी बांधावा, चामड्याचा की नायलॉनचा, आणि त्यात काय असावं? पोरगंही हा धागा वाचणार आहे, तेव्हा जे सांगाल ते त्यालाच सांगताय असं समजा.

संकेश्वरी

घेऊ द्या की मामा. पहिला पगार हाय त्याचा. मी पहिल्या पगारात गॉगल घेतला होता, त्यापेक्षा हे बरं.

जुना_वायरमन

मेस्त्रीचं बरोबर आहे, खरं त्यांनी कारण सांगितलेलं दिसत नाही. ते मी सांगतो.

पिशवी उचलणारं पोरगं दिवसभर हत्यारं हातात देत असतं. पक्कड दे, टेस्टर दे, स्प्रिंग आण, टेप कुठाय. त्यातनं त्याला कुठल्या कामाला काय लागतं आणि कशानंतर काय लागतं हे कळत जातं. मेस्त्रीनं मागायच्या आधी हातात हत्यार ठेवणारं पोरगं कामाला तयार झालं असं आम्ही धरायचो. हे कळायच्या आधी बेल्ट बांधला की दुकानात दिसलेलं सगळं त्यात कोंबलं जातं. बारा खण आहेत म्हणून बारा वस्तू. मग संध्याकाळी कंबर धरते आणि महिन्याभरात बेल्ट खुंटीला जातो.

बेल्ट खरा उपयोगी पडतो तो शिडीवर. एक हात शिडीला, एक हात कामाला, मान वर, नजर स्लॅबमधल्या फॅन बॉक्सवर. त्या वेळी हात न बघता पक्कडीवर गेला पाहिजे आणि काम झालं की न बघता त्याच खणात पक्कड परत गेली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक हत्याराची जागा ठरलेली पाहिजे, आणि ती महिनोन्‌महिने बदलायची नाही.

माझी मांडणी अशी. उजव्या कुल्ल्यावर कॉम्बिनेशन पक्कड, तिच्या पुढं वायर स्ट्रिपर. त्याच्या पुढं दोन स्क्रू ड्रायव्हर, एक चपटा, एक फुलीचा, टोकं खाली. डाव्या बाजूला एका खणात स्क्रू आणि गट्टू (स्क्रू धरायला भिंतीत बसवतात ते), दुसऱ्यात इन्सुलेशन टेप. टेस्टर शर्टाच्या खिशात नाही, बेल्टातच. वाकलं की शर्टाच्या खिशातला टेस्टर पहिला खाली पडतो. आणि पाठीमागं, मणक्यावर, काहीच नाही. पाठीवर पडलं तर मागं अडकवलेली पक्कड सरळ मणक्यात बसते. बेल्टाबद्दल पोरानं एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी.

निपाणी_सेंट्रिंग

वायरमन काका बोलले ते शंभर टक्के. आमच्यात सुतार पोरं खिळं डाव्या अंगाला आन हातोडी उजव्या अंगाला ठेवत्यात. डावा हात खिळा काढतो, उजवा हातोडी, दोन्ही एकाच टायमाला. उलटं ठेवलं की प्रत्येक खिळ्याला हात आडवा जातो. दिवसाला किती खिळं मारतो आमी, बगा हिशोब करून.

बार बांधणाऱ्याकडं तर बेल्ट नसतोच. कंबरंला बाइंडिंग तारंचं भेंडोळं आन हातात हुक. भेंडोळ्याची टोकं आत वळवून घ्यायची, न्हाईतर वाकलं की पोटाला टोचत्यात.

आमच्या वडलांच्या काळात खिळ्यांसाठी गोणपाटाची पिशवी शिवून कमरंला बांधायची. गोणपाट भिजलं की खिळं गंजायचं, खरं पिशवी फुकट मिळायची.

फिटर_उद्यमबाग

बेल्टाचं कौतुक चाललंय म्हणून दुसरी बाजू सांगतो. उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये आमच्याकडे कुणी बेल्ट बांधून लेथजवळ आला तर त्याला गेटवरच सोडायला लावतात. फिरणारा चक, ड्रिलचा स्पिंडल, पट्टा, शाफ्ट, यांच्याजवळ अंगावर लोंबणारं काही नको. बेल्टाची मोकळी दोरी, खणातून बाहेर आलेली पट्टी, एवढंसुद्धा माणसाला ओढून न्यायला पुरतं. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्यानं अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असं लिहिलेलंच होतं.

मामांनी वडगावच्या मागांचा उल्लेख केलाय. तिथं हे जास्त लागू आहे. शेडमध्ये दोन मागांमधली वाट अरुंद असते, शेजारचा माग चालू असतो. पोरगं मोटर जोडायला खाली वाकणार आणि त्याच्या कुल्ल्यावरचा खण शेजारच्या मागाच्या पट्ट्याशी जाणार. तिथं बेल्ट सोडून बाजूला ठेवायचा, हत्यारं ट्रेमध्ये घ्यायची आणि शक्य असेल तर शेजारचा माग थांबवायला सांगायचं. विणकर नाराज होतो, त्याचं कापड थांबतं. तरी सांगायचं.

जुना_वायरमन

फिटरसाहेबांचं म्हणणं मान्य. मागाच्या शेडबद्दल मी लिहायला पाहिजे होतं. शिडीवर बेल्ट, फिरत्या यंत्राजवळ ट्रे.

खानापूरकर_सुतार

चामडं की नायलॉन, यावर मी बोलतो.

आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे. कणकुंबी-जांबोटीकडे कामाला गेलं तर जूनपासून महिनोन्‌महिने हवा ओलीच. चामड्याचा बेल्ट भिंतीला टांगून ठेवला तर आठवड्यात त्यावर पांढरी बुरशी. कोरडा करायला चुलीजवळ नेला की कडक होतो, मग वळवला की तडा. नायलॉन, म्हणजे बरेचदा जाड पॉलिएस्टरचं कापड, धुता येतं, झटकलं की वाळतं, वजन निम्मंसुद्धा भरत नाही.

तरी मी चामड्याचाच वापरतो. पटाशीची धार कापडाचा तळ हळूहळू फाडते, चामडं ती सोसतं. चामड्याचं तोंड उघडंच राहतं, हात आत सहज जातो. नायलॉनचं तोंड काही दिवसांनी आत दुमडतं आणि मग दोन्ही हात लावावे लागतात. शिवाय ग्राइंडरची ठिणगी पडली की नायलॉनला भोक पडतं. फॅब्रिकेशनवाल्यांनी नायलॉन घेऊच नये.

इलेक्ट्रिशियनला मात्र नायलॉन पुरतो. त्याची हत्यारं हलकी, धारदार फार काही नाही. पाच-सहा खण, रुंद पट्टा, बकल पुढं. पट्टा रुंद असला की वजन हाडांवर बसतं, अरुंद पट्टा पोटात रुततो.

म्हापसा_बेळगाव

मी चोर्ला घाटातून ये-जा करणारा. म्हापशाकडे बंगल्यांची प्लंबिंगची कामं करतो, सोमवारी जातो, शनिवारी परत.

नाक्यावर नवा कंत्राटदार आला की तो माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी हत्याराकडे बघतो. हातात नुसती प्लास्टिकची पिशवी असली तर मदतनिसाचा दर. बेल्ट असला, तोही वापरून मऊ पडलेला, पाना घासून पांढरा झालेला, तर मिस्त्रीचा दर बोलतो. त्यामुळं काही पोरं जुना बेल्ट विकत घेऊन बांधतात. ते दुपारपर्यंत चालतं. पाइपाचा पहिला सॉकेट जोडायला दिला की कळतं.

तरी मी नव्या पोराला बेल्ट घेऊ नको असं सांगणार नाही. स्वतःचं हत्यार स्वतःच्या कमरेला असलं की माणूस हत्यार जपायला लागतो. मेस्त्रीच्या पिशवीतली पक्कड कुठंही ठेवली जाते. स्वतःच्या बेल्टातली संध्याकाळी मोजून घरी येते. बाहेरगावच्या साइटवर हत्यार चोरीला जाणं म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. मी रात्री बेल्ट उशाला घेऊन झोपतो.

हिंदवाडीतलं_घर

घरमालकाच्या बाजूनं एक. बेल्टवाला मिस्त्री आला की मला बरं वाटतं, कारण तो "जरा स्क्रू ड्रायव्हर असला तर द्या" म्हणत नाही. खरं तोच मिस्त्री बेल्टासकट सोफ्यावर बसला की पक्कडीनं कव्हरला चीर पडते. दाराच्या चौकटीला नव्या पॉलिशवर ओरखडा पण बेल्टानंच पडलाय आमच्याकडं. घरात वावरताना सोडावा, शिडीवर चढताना बांधावा, एवढं नव्या मुलाला सांगा मामा.

कडोलीचा_पेंटर

आम्हा पेंटरांना बेल्टाचं वेड नाही. डब्याला अडकवायचा तारेचा हुक, खांद्यावर फडकं आणि पुट्टीची पट्टी. बाकी सगळं खाली. खरं वायरमनची पोरं शिडीखाली उभी राहतात तेव्हा माझा जीव वर-खाली होतो. वरनं काय पडेल सांगता येत नाही.

लाईनवर

पेंटरभाऊंनी विषय काढला म्हणून लिहितो. मी विजेच्या लाईनवर काम करतो, पॉवरमन.

आधी एक गोंधळ दूर करूया. टूल बेल्ट वेगळा आणि जीव वाचवणारा पट्टा वेगळा. साइटवर मी पोरांना टूल बेल्टाच्या कडीत दोरी अडकवून स्लॅबच्या काठावर उभं राहिलेलं बघितलंय. टूल बेल्टाची शिवण पाच-सहा किलो हत्यारांसाठी असते. माणूस पडला की बसणारा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. आणि समजा शिवण टिकली, तरी नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर माणूस लोंबकळला की सगळा झटका पोटावर आणि कमरेच्या मणक्यावर बसतो, माणूस घडी पडल्यागत होतो. म्हणून उंचीवर फुल बॉडी हार्नेस. खांद्यावरून आणि मांड्यांमधून पट्टे, दोरी अडकवायची कडी पाठीवर खांद्यांच्या मधोमध. घेताना त्यावर आयएस ३५२१ आणि आयएसआयची खूण बघायची. हार्नेस आधी चढवायचा, टूल बेल्ट त्याच्यावरून, आणि टूल बेल्टामुळं मांडीचा पट्टा वर सरकत नाही ना ते बघायचं.

हत्यार पडण्याबद्दल. १० मीटरवरून सुटलेली वस्तू खाली येईपर्यंत तिचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास जातो. ती अर्ध्या किलोची हातोडी असली तर खालच्याच्या डोक्यावर हेल्मेट असूनही भागत नाही. म्हणून उंचीवर जाताना हातोडी, पाना, पक्कड यांना छोटी दोरी बांधून ती बेल्टाच्या कडीला अडकवायची. या कामाला टूल बेल्टाची कडी चालते, कारण तिथं हत्यार धरायचंय.

पोलवर आमचं पहिलं काम बेल्टातल्या कुठल्याच हत्याराचं नसतं. आधी लाईन क्लिअर, म्हणजे लाईन बंद करून कामाची परवानगी घेणं. मग लाईन मेली आहे का ते तपासणं. मग डिस्चार्ज रॉड लावून अर्थिंग. हे तिन्ही झाल्याशिवाय बेल्टाला हात लावायचा नाही. घरातल्या वायरिंगमध्येही हेच, मेन बंद करून फ्यूज किंवा एमसीबी ताब्यात ठेवायचा.

जुना_वायरमन

याला जोडून टेस्टरचं. दिव्याच्या टेस्टरवर सगळा भरवसा ठेवू नये. दिवसाच्या उजेडात तो मिणमिणतो, कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर नीट लागत नाही, आणि आतला निऑन गेला असला तर वायर जिवंत असूनही काही दाखवत नाही. आधी चालू सॉकेटवर टेस्टर तपासायचा, मग काम करायची वायर, मग परत चालू सॉकेट. मल्टीमीटर असला तर उत्तम. बेल्टात त्याला जागा करा, ड्रिलची जागा काढून टाका. ड्रिल कमरेला अडकवून शिडी चढणं म्हणजे एका बाजूला ओढत जाणं. ड्रिल दोरीनं वर घ्यावं.

आणि पक्कडीचं लाल-पिवळं रबर बघून शॉक लागणार नाही असं समजू नये. १००० वोल्टचा आकडा आणि दोन त्रिकोणांची खूण ज्या दांड्यावर असते ती पक्कड इन्सुलेटेड म्हणून तपासलेली. बाकीचं रबर हात घसरू नये म्हणून. खूण असली तरी दांड्याला चीर पडली की ती पक्कड बेल्टातनं काढायची.

संकेश्वरी

काका, हे त्रिकोणाचं मला माहीतच नव्हतं. आताच घरातली पक्कड बघून आलो. एक पण त्रिकोण नाही, नुसतं लाल रबर.

मच्छेची_ताई

मी छतावरचे सोलर पॅनेल बसवणाऱ्या टीममध्ये आहे. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली तेव्हापासून घरांची कामं वाढली आहेत, म्हणून मामांच्या भाच्याला हे पण सांगते. त्याच्या वाट्याला कधी ना कधी हे काम येईल.

पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याच्या वायरीत डीसी करंट आहे. मेन बंद करून तो जात नाही. म्हणून आमच्या बेल्टात एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा) उघडायचा पाना, क्रिंपिंगची पक्कड आणि मीटर, एवढंच. उघडी धातूची पट्टी, स्टीलचा मेजर टेप बेल्टाला लटकवत नाही. वाकताना तो नेमका टर्मिनलवर जातो. कापडी किंवा फायबरचा टेप घ्यावा.

दुसरं बायकांसाठी. बाजारात मिळणारे बेल्ट पुरुषांच्या कमरेच्या मापाचे. शेवटच्या भोकात बकल लावलं तरी खाली घसरतो, मग दर पाच मिनिटांनी वर ओढायचा. मी खांद्यावरून जाणारे पट्टे, गॅलससारखे, लावून घेतले. वजन खांदे आणि कुल्ले दोन्हीकडे वाटलं गेलं आणि कमरेचं दुखणं थांबलं. आता आमच्या टीममधले दोन पुरुषही तसेच लावतात. कुडता घालून बेल्ट बांधला तर बाजूच्या फाटीत हत्यार अडकतं, म्हणून कामावर शर्ट-पँट. सुरुवातीला गल्लीतले लोक बघायचे. आता त्याच गल्लीतल्या बायका मला त्यांच्या मुलींच्या आयटीआयबद्दल विचारतात.

निपाणी_सेंट्रिंग

ताई, गॅलसवालं कुठं मिळालं? आमच्या पोरांच्या कमरा गेल्यात खिळ्यांच्या वजनानं.

मच्छेची_ताई

विकत नाही घेतलं. जुन्या शाळेच्या दप्तराचे पट्टे काढून चांभाराकडून शिवून घेतले. पाठीवर फुली येईल असं शिवायला सांगा, नाहीतर खांद्यावरून सुटतात.

अथणीकर

चांभाराचा विषय निघालाच आहे तर लिहितो. आमचं घराणं पायताणाचं. ज्याला सगळे कोल्हापुरी म्हणतात त्याचं काम आमच्या अथणी भागात, निपाणीकडे पिढ्यान्‌पिढ्या चालतं. भौगोलिक मानांकन मिळालं तेही महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, त्यात बेळगाव आहे.

आमचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं. टूल बेल्टाला हे चामडं फार चांगलं. ते ताठ राहतं, खणाचं तोंड उघडं ठेवतं, आणि वापरेल तसं हत्याराचा आकार घेतं. खानापूरकर म्हणतात ते बुरशीचं खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे पावसाळ्याआधी तेल. करंजीचं किंवा एरंडेल, फडक्यानं पातळ लावायचं, दोन दिवस सावलीत ठेवायचं, परत एकदा. भिजलं तर सावलीतच वाळवायचं, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून. आगीजवळ कधीच नाही. शिवणीच्या जोडीला तांब्याची रिव्हेट मारून घ्या, लोखंडाची घामानं गंजते आणि चामडं तिथं काळं पडून तुटतं.

आमच्याकडं सुतार, प्लंबर येतात, कागदावर चित्र काढून आणतात. आम्ही त्यांना हत्यारं घेऊन यायला सांगतो. पक्कड चामड्यावर ठेवून खण कापला की तो नीट बसतो. तयार बेल्टात ही सोय नाही.

खानापूरकर_सुतार

अथणीकर, एरंडेल लावून बघतो. एक विचारू का? खंडेनवमीला आम्ही सगळी हत्यारं पाटावर मांडतो. करवत, रंधा, पटाशी, गुण्या. आमचे आजोबा चामड्याचा बेल्ट पाटावर ठेवू देत नसत, तो पाटाखाली. आता माझी मुलं विचारतात, रोज जे कमरेला असतं तेच खाली का? मला उत्तर देता आलं नाही.

अथणीकर

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं वाजतं, त्याला चामडं असतं. भजनातल्या मृदंगाला चामडं असतं, संबळाला असतं. देवापुढं ते चालतं. मग जो पट्टा तुमची पटाशी सांभाळतो तो पाटावर का चालू नये? पाटाखाली ठेवतात तेव्हा बेल्टाला काही होत नाही, तो बनवणाऱ्याला लागतं. आमच्या घरी खंडेनवमीला चामडं कापायची रापी आणि टोचायची आरी मांडतो, आणि ज्या चामड्यावर काम चालू असेल त्याचा एक तुकडाही. तुमच्या मुलांनी बरोबर विचारलंय.

खानापूरकर_सुतार

पटलं. या दसऱ्याला बेल्ट पाटावर असेल.

फिटर_उद्यमबाग

अथणीकर, मनापासून लिहिलंत. आमच्या शॉपमध्येही आता हा विषय काढतो. तिथं हातमोजे आणि चामड्याचे अॅप्रन पूजेच्या वेळी बाजूला टाकतात.

संकेश्वरी

मामा, केंद्र सरकारच्या विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५,००० रुपये मिळतात असं ऐकलंय. भाच्याचा अर्ज करा की. बेल्ट, मल्टीमीटर सगळं त्यातच.

कामगार_मदत

इथं नीट माहिती द्यायला पाहिजे, कारण याच गैरसमजातून बरीच मुलं सेवा केंद्रात खेपा घालतात.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, हे खरं. पण ती ठरलेल्या १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. त्यात सुतार आहेत, लोहार आहेत, गवंडी आहेत, चर्मकार आहेत, कुंभार आहेत. इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर त्या यादीत नाहीत. म्हणजे खानापूरकर आणि अथणीकर अर्ज करू शकतात, मामांचा भाचा नाही.

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे, ती म्हणजे कर्नाटकचं बांधकाम कामगार कल्याण मंडळ. इमारतीच्या कामावरचा इलेक्ट्रिशियन, प्लंबर, पेंटर, बार बेंडर, सेंट्रिंगवाला, सगळे त्यात बसतात. वय १८ ते ६० आणि मागच्या १२ महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. भाचा नवा असल्यामुळं आधी ९० दिवस भरू द्या, मेस्त्रीकडून किंवा कंत्राटदाराकडून दाखला घ्या, मग नोंदणी. मंडळाच्या योजनांमध्ये प्रशिक्षणासोबत हत्यारांची पेटी देण्याचीही तरतूद आहे. अर्ज कन्नडमध्ये अडला तर मला निरोप पाठवा, मी भरून देतो. यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

जोडीला, पुढं स्वतःच्या नावावर काम घ्यायचं असेल तर विद्युत निरीक्षणालयाचं वायरमन परमिट काढायला लावा. बेल्ट बघून घरमालक विश्वास ठेवतो, पण मीटरचं काम कागदावर चालतं.

निपाणी_सेंट्रिंग

माझं मंडळाचं कार्ड हाय, नूतनीकरण ऱ्हायलंय. निरोप पाठवतो.

व्यवस्थापक

कार्डांबद्दल बऱ्याच जणांनी निरोप पाठवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा उघडला आहे. इथं बेल्टावरच बोलू.

अनगोळचा_मामा

मंडळी, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. पोरानं दोनदा वाचलं आणि मग आम्ही दोघं मेस्त्रींकडे गेलो. त्यांना जुना_वायरमन यांचं वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हेच मला सांगायचं होतं, खरं कामाच्या गडबडीत कोण समजावत बसतंय." ते पोराला बेल्ट बांधू द्यायला तयार झालेत, अट एकच, पहिल्यांदा फक्त चार वस्तू. पक्कड, स्ट्रिपर, टेस्टर, टेप. बाकीचं ते सांगतील तेव्हा वाढवायचं.

आता नवी अडचण. पोरगं डावरं आहे. हे लिहायचं मला सुचलं नाही, कारण घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही. मेस्त्रींच्या बेल्टात हात घातला तर त्याला काही सापडत नाही म्हणतो, आणि ऑनलाइन बघितलेल्या बेल्टात पक्कडीचा खण उजवीकडेच शिवलेला आहे. काय करावं?

जुना_वायरमन

मग तो बारा खणांचा बेल्ट बादच करा. डावऱ्यानं शिवलेला संच घेऊ नये. मोकळा रुंद पट्टा घ्यावा आणि त्यात सरकवता येतील असे सुटे खण. माझी मांडणी त्यानं आरशात बघितल्यासारखी उलटी करायची. पक्कड डाव्या कुल्ल्यावर, स्क्रू आणि गट्टू उजवीकडे, मणक्यावर तरीही काही नाही.

शिडी कशी लावायची हेही त्याला वेगळं शिकावं लागेल. तो उजव्या हातानं शिडी धरणार आणि डाव्यानं काम करणार, म्हणून पॉइंट डाव्या हाताला येईल अशी शिडी टेकवायची. मेस्त्री सवयीनं उलटी लावतील. त्यानं न लाजता सांगावं आणि सरकवून घ्यावी.

डावरा आहे म्हटल्यावर एक वर्ष थांबायचा मुद्दाही उरत नाही. मेस्त्रीची मांडणी त्याच्या हाताला बसणारच नाही, तेव्हा स्वतःची आजपासूनच बसवायला घेऊ दे.

अथणीकर

सुटे खण मी करून देतो. मामा, पोराला पक्कड, स्ट्रिपर आणि टेस्टर घेऊन अथणीला पाठवा, हाताचं माप पण घेतो. येणं जमलं नाही तर कोऱ्या कागदावर तिन्ही हत्यारं ठेवून पेन्सिलनं कडेनं रेघ ओढा आणि कागद पोस्टानं पाठवा. जाडी वेगळी लिहा, पक्कडीची सांध्याजवळची.

खानापूरकर_सुतार

मामा, पट्टा माझ्याकडे आहे, चामड्याचा, नवा, दोन इंच रुंद. बकल चांगलं आहे. बेळगावला शनिवारी लाकूड घ्यायला येतोय, अनगोळात देऊन जातो.

अनगोळचा_मामा

या की, जेवायलाच या. कागद उद्याच पोस्टात टाकतो.